मोहाखालची हाक

होळी होऊन काही दिवस गेले की हैदराबादच्या माझ्या फ्लॅटमध्ये पहाटे मोहाच्या फुलांचा वास येतो. सहाव्या मजल्यावर मोह कुठून येणार? खाली पार्किंग, पलीकडे उड्डाणपूल, त्याच्याही पलीकडे अशाच इमारती. पण झोप मोडते ती त्या वासानेच. गोड, जड, किंचित आंबूस, घशात चिकटून राहणारा. मी एका औषध कंपनीत गुणवत्ता विभाग सांभाळते. वास, रंग, कण, सगळं तपासून चालेल की चालणार नाही हे सांगण्याचा मला पगार मिळतो, तेव्हा नसलेला वास येणं माझ्या धंद्याला शोभत नाही. तरी मी उठते, गॅलरीत जाते आणि अंधारात कान देऊन उभी राहते. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलंही, मॅडम, रोज पहाटे कुणाची वाट बघता? मी म्हटलं, पाण्याच्या टँकरची. त्यांना ते पटलं.

खरं सांगायचं तर एका हंगामाबद्दल सांगावं लागेल. मायला कायमचं घेऊन जायला मी गावी आले होते, तो हंगाम.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याहून आत, डांबर संपून साग सुरू होतो तिथलं. धानाची शेती, थोडा कापूस, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोह. मोहाचं फूल तोडायचं नसतं, ते आपण होऊन पडतं. पहाटेपासून पडायला लागतं आणि ऊन चढलं की थांबतं. हंगामाआधी लोक झाडाखालचा पाला जाळून, झाडून जमीन काळीभोर करून ठेवतात. मग त्या काळ्या गोलावर ही पिवळट पांढरी, रसाने फुगलेली फुलं पडतात आणि उजेड फुटायच्या आधीच दिसायला लागतात. लहानपणी मला वाटायचं की ती स्वतःच उजळतात.

झाड जंगलातलं असलं तरी कुणाचं तरी असतं. कागदावर नसतं, पण गावात सगळ्यांना माहीत असतं. ज्याच्या घरचा माणूस दरवर्षी खालचा गोल जाळतो, झाडतो, त्याचं झाड. काही हंगाम गोल झाडला गेला नाही, पाला साचू दिला, की झाड मोकळं झालं असं समजतात आणि दुसऱ्या कुणीही तिथे काडी लावावी. आमचं झाड नाल्याच्या अलीकडे होतं. बाबा होळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे जायचे आणि अंगाला धुराचा वास घेऊन परत यायचे.

आमच्याकडे जंगलाचा आणखी एक नियम आहे. तिथे कुणाला नावाने हाक मारायची नाही. हाक द्यायची तर कुकारा घालायचा, ओठांचा चंबू करून, लांब. प्रत्येक घराचा कुकारा वेगळा. आमचा एकच लांब, शेवटी कापल्यासारखा तुटणारा. त्याने आपलं माणूस कुठे आहे ते कळतं आणि मोहावर आलेलं अस्वलही बाजूला होतं. अस्वलाला मोह फार आवडतो. आणि कुणी नावाने हाक मारली, तर ओ द्यायची नाही. कितीही ओळखीचा आवाज असो.

"काऊन नाई द्याची?" मी बाबांना विचारलं होतं.

"माणूस असन तं कुकारा घालन," बाबा म्हणाले. "नावानं हाक मारते ते माणूस नसते. जंगलात नाव टाकून येऊ नाई, पोरी. एकदा ऐकलं का ते ठेवून घेते."

"कोण ठेवून घेते?"

बाबांनी मग फुलं वेचायला सुरुवात केली. हा प्रश्न जंगलात विचारायचा नव्हता, एवढं मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

नाल्याच्या पलीकडचं झाड माझ्या बरोबरीच्या दिवाकरच्या घरचं. त्यांचा कुकारा दोन तुटक आणि तिसरा लांब, वर चढत जाणारा. बारावीच्या वर्षी तर आम्ही दोघं अभ्यासाचं पुस्तक टोपलीत टाकून मोहाला जायचो आणि तासन्‌तास बोलायचो, फक्त कुकाऱ्यांत. त्याचे दोन तुटक आणि एक लांब, माझा एक लांब. मध्ये नाला, धुकं आणि फुलं पडण्याचा आवाज. टप्‌ आणि मग बराच वेळ काही नाही, पुन्हा टप्‌ टप्‌. काय बोलत होतो म्हणाल तर मी इथे आहे, तू आहेस का, आहे, एवढंच. तेवढ्यावर माझे सगळे दिवस जायचे. रसायनशास्त्रात मला इतके गुण कसे पडले हे मला अजून कळलेलं नाही.

गावात पोरीला नावाने हाक मारायची सोय नव्हती, जंगलात तर नियमच होता. त्यामुळे दिवाकरने माझं नाव कधी घेतलंच नाही. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

एकदाच तो नाला ओलांडून आमच्या झाडाखाली आला होता. निकाल लागायचा होता, पण माझं नागपूरला जायचं ठरलंच होतं. त्याने माझ्या टोपलीतलं एक फूल उचलून तोंडात टाकलं आणि चघळत म्हणाला, "तू जाशीन नागपूरले. मंग तुहे फुलं कोण वेचन?"

"तू वेच," मी म्हटलं.

म्हटलं ते सहज. मला तेव्हा जायची घाई होती आणि ती पुढे कधी सरलीच नाही. नागपूर झालं, पुणे झालं, मग हैदराबाद. लग्न राहून गेलं. माय फोनवर स्थळं सांगायची, मी तिला माझ्या बढत्या सांगायची. माझा हुद्दा इतका लांबला की मायला तो एका दमात सांगता येईना. बाबा गेले तेव्हा मी चार दिवस राहून परतले. त्यानंतरही जेव्हा कधी आले, दिवाळीत आले. मोहाच्या वेळी कधीच नाही, कारण मार्च म्हणजे आमच्याकडे वर्षाचा हिशेब आणि तपासण्या.

त्या वर्षी मात्र आले. कंपनीने मला जर्मनीतल्या कारखान्याची जबाबदारी देऊ केली होती. मी बेत आखूनच आले. नागपुरातलं एक स्वच्छ वृद्धनिवास बघून ठेवलं होतं, मायला तिथे ठेवायचं, घराला कुलूप लावायचं आणि जायचं. मायने सगळं ऐकून घेतलं. गुडघ्यांमुळे ती आता अंगणापलीकडे जात नव्हती. माचीवर बसून तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"मोह पडू दे," ती म्हणाली. "मंग पाहू."

"मोहाचं काय मधेच? तुझ्याच्याने जंगलात जाववतं का?"

तिने अंगणाकडे बोट केलं. मी अंगणात आले आणि थबकले. शेणाने सारवलेल्या अंगणात फुलं वाळत घातली होती. काही ताजी पिवळी, काही तांबूस, कडेची गडद तपकिरी. म्हणजे रोज येत होती. रोज कुणीतरी आणत होतं.

"माय, कोण आणतं हे?"

"तुहा बाप आणते," माय म्हणाली. चहा गाळता गाळता म्हणाली, दूधवाला कोण असं विचारल्यावर सांगावं तशी.

भिंतीवर बाबांचा फोटो होता आणि त्याला मीच आणलेला चंदनाचा हार. मी मनातल्या मनात चंद्रपुरात डॉक्टर शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठले. दार उघडलं तर उंबऱ्याशी टोपली होती. वर पळसाची पानं झाकलेली, पानांवर दव, आणि खाली फुलं अजून ओलसर. रस्त्यावर कुणी नव्हतं. आमचा कुत्रा टोपलीपाशी बसला होता आणि अंधाराकडे बघून शेपटी हलवत होता. जो कुत्रा मला ओळखायला दोन दिवस घेतो, तो भुंकलाही नव्हता. मी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. मग माझं मलाच हसू आलं, पण कडी काढली नाही.

आमच्या शेजारच्या सीताबाईंचं झाड आमच्या झाडाच्या पुढे. मी त्यांना म्हटलं, उद्या मलाही न्या. त्यांनी मायकडे पाहिलं. मायने मान हलवली.

इतक्या वर्षांनी त्या वाटेने जाताना पाय आपोआप पडत होते. सागाची पानं गळून गेली होती, पायाखाली त्यांचा चुरा इतका मोठ्याने वाजत होता की बोलायची गरज नव्हती. मधूनच रातवा पक्षी ठोके देत होता, कुणी लाकडावर काहीतरी ठोकतंय असं वाटावं तसे. सीताबाई थोड्या थोड्या वेळाने त्यांचा कुकारा घालायच्या, पुढून-मागून बायकांचे कुकारे यायचे, आणि मग परत नुसता चुरा.

आमच्या झाडाखालचा गोल काळा होता. ताजा जाळलेला आणि कडेपर्यंत झाडलेला. बाबा झाडायचे तसाच, कडेला पाल्याची उंच पाळ करून. त्यावर फुलं पडत होती. टप्‌, आणि मग बराच वेळ काही नाही. मी उभीच राहिले. घरातल्या आपल्या खोलीचं दार उघडावं आणि आपण गेल्यानंतर रोज कुणीतरी अंथरूण घालून ठेवत होतं हे कळावं, तसं काहीतरी मला झालं.

"हे कोण झाडते?" मी सीताबाईंना विचारलं.

"तुह्या मायले विचार."

"माय म्हणते बाबा."

"मंग तसंच असन," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता टोपली सावरू लागल्या.

तेवढ्यात हाक आली.

"नंदाऽ"

नाल्यापलीकडून आली. माझं नाव, पूर्ण, स्पष्ट. आवाज पुरुषाचा होता पण कुणाचाच नव्हता, त्यात हवा भरलेली होती, फुटक्या भांड्यातून वारा जावा तशी. सीताबाईंचा हात माझ्या तोंडावर आला. तो राखेने काळा झाला होता, माझ्या ओठांना राख लागली.

"नंदाऽ"

आजूबाजूचे सगळे कुकारे बंद झाले. त्या बाजूच्या सगळ्या बायकांनी वेचणं थांबवलं असावं. फक्त फुलं पडत होती. मी गुणवत्ता विभागाची प्रमुख, माझ्यापुढे भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि मी सीताबाईंचा पदर घट्ट धरून उभी होते. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती एका गोष्टीची, की मला ओ द्यावीशी वाटत होती. घशापर्यंत आली होती.

सीताबाईंनी मला ओढतच मागे आणलं. वाटेत त्या म्हणाल्या, "तू आली म्हणून नाई मारली हाक. कितीक सालापासून मारते. दर मोहात. तुहंच नाव घेते, दुसऱ्या कोणाचं नाई घेत."

मी हैदराबादेत माणसांच्या मिटिंगांत बसलेली असताना, विमानतळांवर रांगेत उभी असताना, इथे पहाटेच्या जंगलात माझं नाव कुणीतरी घेत होतं. सबंध गावाने ते ऐकलं होतं आणि कुणी ओ दिली नव्हती.

घरी आले तेव्हा मी मायवर चिडले. भीती वाटली की मी चिडते, ही माझी खोड आहे. मी म्हटलं, आता खरं सांग, नाहीतर आजच्या आज गाडी बोलावते. मायने माझ्या तोंडावरची राख पदराने पुसली.

"दिवाकरले अस्वलानं धरलं होतं, सांगितलं होतं तुले फोनवर," ती म्हणाली.

सांगितलं होतं. तो वाचला, चंद्रपूरच्या दवाखान्यात आहे, एवढंच तिने सांगितलं होतं आणि एवढंच मी ऐकलं होतं. काळजी वाटली होती, आणि मग दुसरा फोन आला होता.

"वाचला पण ओठ गेले त्याचे. गाल गेला. डॉक्टरनं शिवलं जसं जमन तसं. तोंडाले दुपट्टा बांधून फिरते, गावात येत नाई, वावरातच राह्यते झोपडीत. आता तूच सांग, ओठ नसले तं कुकारा कसा घालन माणूस?"

माझं बोट माझ्याच ओठांवर गेलं.

"अस्वलाले आवाज तं द्याच लागते जंगलात," माय म्हणाली. "कुकारा निघत नाई. मंग जे नाव निघते ते घेते."

"आणि फुलं?"

"तुहा बाप गेला तवापासून तोच जाळते, तोच झाडते, तोच आणून ठेवते. मी गावाले सांगतो तुहा बाप आणते म्हणून. मेल्या माणसाच्या झाडाले कोणी हात लावत नाई, आन्‌ त्या पोरालेबी कोणी काई विचारत नाई."

"मग तू त्याला ओ का देत नाहीस? एवढं माहीत होतं तर."

माय माझ्याकडे पाहून हसली, अगदी थोडं. "माहं नाव घेते का तो?"

त्या दिवशी जर्मनीहून तीनदा फोन आला, मी उचलला नाही. दिवसभर वाळत घातलेल्या फुलांना वर-खाली करत बसले. हाताला चिकट गोडी लागत होती. इतक्या वर्षांत मला कुणी मागणी घातली नव्हती असं नाही. हुशार, भली माणसं होती. पण मी असो-नसो, माझ्या घरचं झाड सुटू नये म्हणून दर होळीनंतर जाऊन पाला जाळणारं कुणी नव्हतं. मी त्याला वेच म्हटलं आणि तो वेचत राहिला. मला रडू आलं ते दुःखाने आलं असं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या पहाटे सीताबाई मला नाल्याच्या वाटेपर्यंतच सोडायला तयार झाल्या. "तो दिवाकर हाये हे मलेबी माहीत हाये," त्या म्हणाल्या. "पण म्हणून ओ देऊ नोको. इतके साल त्यानं तुहं नाव घेतलं जंगलात. एकानं घेतलं का दुसरंबी शिकते. आता तो हाक मारते का ते मारते, तुले कसं समजन?"

मी एकटीच पुढे निघाले.

गोलाच्या कडेला उभी राहिले. फुलं पडत होती. हाक आली. पहिली मी जाऊ दिली. दुसरीही, कारण बाबांचा आवाज माझ्या कानात होता. तिसऱ्या हाकेला मी तोंड उघडलं.

"ओ."

किती लहान शब्द. जंगलात तो एवढा मोठा झाला की मीच दचकले. नाल्यापलीकडे पाला वाजला. मी वाट बघत होते, पण आवाज जवळ येत नव्हता. तो दूर जात होता. जोराने, धडपडत, काट्याकुट्यांतून. तो पळत होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोही याच गावचा. जंगलात नावाच्या हाकेला माणूस ओ देत नाही, हे त्यालाही लहानपणापासून शिकवलेलं. इतकी वर्षं त्याच्या हाकेला कुणी ओ दिली नव्हती, आणि आता बाईच्या आवाजात ओ आली होती, जी बाई हैदराबादेत असते.

मी ओठांचा चंबू केला. शेवटचा कुकारा घातला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आधी नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा निघाला तो चिरकलेला, म्हातारा, पण आमच्या घरचा. एक लांब, शेवटी तुटणारा.

पाला थांबला.

मी पुन्हा घातला. मग पावलं परत येऊ लागली, एक एक, मधे थांबत. नाल्यातून तो वर आला तेव्हा थोडा उजेड फुटला होता. डोळ्यांखाली सगळा दुपट्टा गुंडाळलेला. केस पांढरे झालेले. डोळे मात्र तेच, आणि ते आधी माझ्या पायांकडे गेले, माझे पाय सरळ आहेत ना ते बघायला. मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं असावं, दुपट्टा हलला.

"पळत होतास," मी म्हटलं.

"मंग काय करू? इतके साल कोणी ओ देल्ली नाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही अक्षरांपाशी वारा निसटत होता. नीट ऐकलं की कळत होतं. "कोणी ओ देत नाई तं मलेच वाटाले लागलं होतं का आपून माणूस राह्यलो का नाई."

"माझंच नाव का घेतोस?"

तो खाली बसला आणि वेचायला लागला. बोलायचं असलं की त्याला हाताला काम लागतं, हे मला आठवलं. "बाकीच्यायची नावं ओठाले अडते," तो म्हणाला. "माहं स्वतःचंबी अडते. तुह्या नावाले ओठ लागत नाई. म्हणून घेतो." मग बराच वेळ टप्‌ टप्‌ होत राहिलं. "लागत असते तं तरीबी तेच घेतलं असतं."

मी त्याला दुपट्टा सोडायला सांगितलं. तो नको म्हणाला, मी पुन्हा सांगितलं. मी पाहिलं. नजर न काढता पाहिलं, त्याचे डोळे निवांत होईपर्यंत. तपासणं माझं काम आहे, पण त्या पहाटे मी काही तपासत नव्हते. मला हा माणूस हवा होता. बारावीला हवा होता आणि मध्ये एवढं सगळं करून आले तरी हवाच होता. मी त्याला तसं सांगितलं, आमच्याकडे बायका सांगत नाहीत तितकं उघड. तो म्हणाला, "फुलं वेच आधी. ऊन येऊन राह्यलं."

जर्मनीला मी नकार कळवला. नोकरी सोडली नाही. मला माझं काम आवडतं, आणि ते मी दिवाकरलाही सांगितलं. हैदराबादहून गाडीत बसलं की बल्लारशाचं स्टेशन काही जगाच्या टोकाला नाही. हंगाम संपल्यावर माय म्हणाली, "चाल, ने मले कुठी नेतं तं." मी म्हटलं, आता कुठी नाई नेत. तिने वाळलेला मोह डब्यात भरला आणि वरून झाकण इतकं जोरात बसवलं की तिलाही हसू आलं. गावातल्या बायका काही दिवस माझ्याजवळ बसेनात. नंदाले झाडानं धरलं, असं त्या म्हणत. त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

पण सीताबाईंचं बोलणं राहिलंच.

त्याच हंगामाच्या शेवटी, फुलं विरळ झाली होती तेव्हा, आम्ही दोघं आमच्या झाडाखाली होतो. तो माझ्यापासून हातभर अंतरावर, पाठमोरा, वाकून वेचत होता. दुपट्टा झाडाच्या फांदीवर होता. मी त्याच्या मानेकडे बघत होते.

"नंदाऽ"

नाल्यापलीकडून. तोच आवाज, तीच हवा, तोच शेवटचा ओढलेला स्वर. दिवाकरचा हात फुलावर तसाच राहिला. तो वळला नाही. मीही हलले नाही. माझ्या तोंडात ओ तयार होती, आता ती रोजची सवय झाली होती.

"नंदाऽ"

दिवाकरने मागे न बघता हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. त्याची बोटं रसाने चिकट होती.

"मी इथी हावो," तो अगदी हळू म्हणाला.

तिसरी हाक आली का, मला ठाऊक नाही. आम्ही टोपली तिथेच ठेवून, एकमेकांचा हात न सोडता निघालो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा टोपली काठोकाठ भरलेली होती, आणि झाडाला एवढी फुलं उरली नव्हती. त्याबद्दल आम्ही मायला सांगितलं नाही. ती फुलं घरी आणली नाहीत, नाल्यात सोडली.

आता पुन्हा मार्च आहे. सुटी टाकली आहे, आठवड्याने निघेन. दिवाकर फोनवर म्हणाला की गोल जाळून झाला, यंदा फूल चांगलं येईल. आणि या फ्लॅटमध्ये पहाटे वास येतो, मी गॅलरीत जाते, आणि उड्डाणपुलाच्या पलीकडून, गाड्या सुरू व्हायच्या आधीच्या त्या रिकाम्या वेळात, कधी कधी माझं नाव येतं. दिवाकरला मी विचारते, आज पहाटे हाक मारलीस? तो बहुतेक वेळा हो म्हणतो. कधी नाही म्हणतो. मग आम्ही दोघंही दुसरं काहीतरी बोलतो.

मी माझ्यापुरता नियम करून घेतला आहे. हाक आली की आधी तो कुठे आहे ते बघायचं. तो शेजारी असला तर ओ द्यायची नाही, तोंडावर हात ठेवायचा आणि त्याच्याजवळ सरकायचं. पण तो शेजारी नसला तर मी तिसऱ्या हाकेची वाट बघत नाही. त्याच्या हाकेला फार वर्षं कुणी ओ दिली नव्हती, आणि त्याची एकही हाक पुन्हा रिकामी जाऊ द्यायची माझी तयारी नाही. ती त्याचीच असेल असं मला खात्रीने सांगता येत नाही. मी पहिल्याच हाकेला ओ देते.